कायम जतन करावे

खोब्रागडे साहेबांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते आधी तिचा कोपरा फाडतात. फाटलेली कड उन्हात धरतात, चिमटीत चोळतात आणि मग निकाल देतात, "धागा लांब आहे जी. पोरगी चांगल्या घरी पडली." पत्रिका चकचकीत, प्लास्टिकचं पाणी दिलेली असली, तर मात्र त्यांचा चेहरा पडतो. "याचं काही होत नाही बाप्पा," म्हणतात. हे कागदाबद्दल की नवरदेवाबद्दल, ते विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

साहेब मूळचे भंडाऱ्याचे. दिल्लीत एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि आमच्या गुडगावच्या नव्या सोसायटीत आले. तेव्हा इथे चारी बाजूंना मोहरीची शेतं होती, वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाणी टँकरने. मी सकाळी कंपनीच्या बसने मानेसरला जायचो आणि संध्याकाळी परत येईपर्यंत समोर आणखी एक इमारत उभी राहिलेली असायची. घरोघरी रद्दी मात्र रोज वाढत होती. नव्या गाड्यांची पत्रकं, नव्या बँकांची पत्रकं, आणि त्यांच्या सोबत आणखी पत्रकं.

साहेबांनी खालच्या पार्किंगमध्ये दोन ड्रम मांडले. एकात रद्दी भिजत घालायची. तिचा लगदा झाला की दुसऱ्यात पातळ करायचा, जाळीच्या चौकटीने उचलायचा, जुन्या चादरीवर पालथा घालायचा आणि गच्चीवर दोरीला वाळवायचा. पंधरवड्यात गच्ची अशी दिसू लागली, की अख्ख्या सोसायटीने एकदम रुमाल धुतले आहेत! गार्डची बायको बिमला आणि तिची जाऊ हे काम शिकल्या आणि हां हां म्हणता साहेबांच्या पुढे गेल्या. त्या कागदाच्या फायली दिल्लीतल्या दुकानांत जाऊ लागल्या, बायकांच्या हातात पगार आला, आणि समोरच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना वह्या मिळू लागल्या. कांद्याच्या सालींनी रंगवलेल्या त्या वह्यांना किंचित वास यायचा. मुलं म्हणायची, अभ्यास केला की भूक लागते.

"कागद मरत नाही जी, रिटायर होतो," हे साहेबांचं लाडकं वाक्य. "आणि रिटायर माणसाला काम पाहिजे."

इथवर सगळं छान होतं. अडचण एकच. साहेब रद्दी वाचायचे.

सगळी. एकेक कागद. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये कुठलीही फाइल वाचल्याशिवाय नष्ट करत नाहीत. आधी तिचा वर्ग ठरतो, कायम ठेवायची की काही वर्षं की लगेच काढायची. साहेबांनी तोच नियम आमच्या रद्दीला लावला. बिमला ड्रमपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "बाबूजी, दूध का हिसाब भी पढ़ोगे?" साहेब हात वर करून तिला थांबवायचे आणि वाचायचे. मग जे 'कायम' ठरेल ते पिन लावून घरपोच परत. लग्नाआधी मी संध्याला लिहिलेलं एक पत्र असंच घरी परत आलं. वर चिठ्ठी होती, 'कायम जतन करावे. भावना खऱ्या वाटतात.' संध्या आठवडाभर हसत होती.

मल्होत्रांच्या घरी मात्र कुणी हसलं नाही. कॉलेजात असताना कुणा पम्मीने मल्होत्रांना लिहिलेली चिठ्ठी साहेबांनी नियमाप्रमाणे 'कायम' वर्गात घातली आणि दार उघडणाऱ्या व्यक्तीच्या हातात दिली. दार मिसेस मल्होत्रांनी उघडलं होतं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. मल्होत्रा उभे राहिले. "अंकल, या तो पढ़ना बंद कीजिए, या ये ड्रम."

साहेब शांतपणे म्हणाले, "तो फिर ड्रम बंद." आणि उठून गेले.

मला रागच आला. बिमलाचा पगार, मुलांच्या वह्या, सगळं एका हट्टापायी बुडणार! मी तडक पार्किंगमध्ये गेलो. साहेब रिकाम्या ड्रमवर झाकण ठेवत होते.

"काहून वाचता एवढं? लोकांनीच टाकलेलं असतं ना?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

बराच वेळ ते झाकण नीट बसवत राहिले. मग म्हणाले, "शेंडेजी, ही गेली आणि महिनाभरात मला क्वार्टर सोडायचं होतं. घरात कागदच कागद. मी म्हटलं, आता काय करायचंय ठेवून. एका दुपारी सगळं कबाड्याला देऊन टाकलं. तिच्या वह्या, तिची पत्रं, सगळं. सरकारचा एक कागद मी कधी न वाचता काढला नाही जी. घरचे काढले. आता तिच्या हातचं एक अक्षर नाही माझ्याजवळ."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन संध्याला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मसाल्याच्या डब्याखालून एक तेलकट चिठ्ठी घेऊन आली. लग्नानंतर आम्ही दिल्लीत मुनिरक्यात एका खोलीत राहत होतो आणि खोब्रागडे साहेब नि काकू जवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तेव्हा काकूंनी संध्याला पाटवडीचा रस्सा लिहून दिला होता. सहा ओळी. शेवटची ओळ अशी, 'आमच्या साहेबांना वरून कच्चा कांदा लागतो, शेंडेजींना विचारून घाल.'

पुढच्या मीटिंगमध्ये मी तोडगा मांडला. ज्यांना वाचलेलं नको, त्यांनी गठ्ठ्यावर 'वाचू नये' असं लिहावं. सगळ्यांनी हात वर करून होकार दिला आणि ड्रम पुन्हा सुरू झाले. आजतागायत एकाच गठ्ठ्यावर तसं लिहिलेलं असतं. मिस्टर मल्होत्रा लिहितात, मिसेस मल्होत्रा खोडतात.

ड्रम पुन्हा सुरू झाल्यावरच्या आमच्या पहिल्या गठ्ठ्यात आम्ही काकूंची चिठ्ठी ठेवली. संध्याकाळी बेल वाजली. दारात साहेब. चिठ्ठीवर पिन, 'कायम जतन करावे. मूळ मालकास परत.' हात पुढे केलेला, पण चिठ्ठी काही सुटत नव्हती.

"साहेब, तुमच्याकडेच ठेवा," संध्या म्हणाली.

"नियमात बसत नाही बेटा. रेकॉर्ड तुझं आहे." डोळे भरून आले होते, तरी नियम सुटत नव्हता. मग म्हणाले, "पंधरा दिवसांसाठी वाचायला नेता येईल. अर्ज करून."

त्याला आता दोन वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून मागणारा अर्ज आमच्या दाराखालून येतो, त्यांनीच बनवलेल्या जाड, कांद्याच्या रंगाच्या कागदावर. मी 'मंजूर' लिहून सही करतो. कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच वाक्य असतं, 'वाचन अद्याप पूर्ण झालेले नाही.'