बिरूतात्यांची उदबत्ती

बिरूतात्या आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हातात पेटलेली उदबत्ती घेऊन. आम्ही बारामतीतल्या त्या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या फ्लॅटमधले हे वयस्कर गृहस्थ नव्या घरातल्या देवाला नमस्कार करायला आले असतील, असं समजून मी त्यांच्यासाठी पाट मांडला. तात्या पाटावर बसले नाहीत, उभे राहिले. त्यांनी उदबत्ती खिडकीच्या वरच्या फटीपाशी धरली, मग दारापाशी, मग फ्रिजच्या मागं, आणि डोळे बारीक करून धूर कुठं जातो ते बघत राहिले. धूर कुठंच गेला नाही. सरळ वर चढून छताखाली लोंबकळत राहिला.

"नापास," तात्या म्हणाले. "सर, तुमच्या घरातली हवा कालची हाय."

तात्या एका शाळेत शिपाई होते. रोज सकाळी घंटेआधी सगळ्या वर्गांच्या खिडक्या उघडायच्या आणि संध्याकाळी लावायच्या, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना. बँकेत गेले की मॅनेजरच्या मागची खिडकी उघडायचे. थंडीत एसटीची काच सरकवायचे आणि निम्म्या गाडीची बोलणी खायचे. सोसायटीत त्यांचं वेळापत्रक होतं. सकाळचा पहिला तास हवेचा, त्यात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या पाहिजेत, एक उघडून भागत नाही. कुणी रानात उसाचं पाचट पेटवलं तर तेवढ्यापुरत्या बंद, पाचट विझलं की पुन्हा उघड्या. घरात सुगंधी फवारा मारणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "वासावर वास घालून हवा धुतली जाती व्हय?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या दारावर जायचे.

आमच्या सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांचं नाव वायुदेव ठेवलं होतं. बेल वाजली की ती आतून म्हणायची, "उघडा, वायुदेव आले. पडदे सांभाळा."

मला मात्र तात्यांची भीती वाटायची. मी मुळात काळजी करणारा माणूस. गॅस बंद केला का, हे बघायला मी, कॉलेजात शिकवणारा माणूस, अर्ध्या वाटेवरून परत आलेलो आहे. त्यात तात्यांनी हवेची भर घातली. कॉइल लावली की मला वाटायचं, डास मरतोय, पण आपलं काय? खोलीत ओले कपडे वाळत घातले तर छातीत ओल धरल्यासारखं वाटायचं. सुनंदा म्हणायची, एक वेडा शेजारी आहे, दुसरा घरातच आहे.

मग आमची लेक केतकी पहिल्या बाळंतपणाला आली आणि घरात दोन पक्ष पडले. सुनंदाचं माहेर पळसदेवचं. तिनं तिथून टेम्पोत घालून बाज आणवली, कोळशाची शेगडी आणवली, ओवा, शेपा, धूप आणला. बाळंतिणीला वारं लागता कामा नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि त्यांच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी सरकवायची, दार लावायचं आणि मायलेकींना शेक द्यायचा. दिवस थंडीचे होते. मी एकदा म्हणालो, "एक खिडकी थोडी..." तर सुनंदानं माझ्याकडं असं बघितलं की मी वाक्य तिथंच सोडलं.

तात्या रोज जिन्यात गाठायचे. "सर, शेगडी आत का भाईर?"

"बाहेर," मी सांगायचो. "गॅलरीत. निखारे पुरते फुलले की मग जरा वेळ आत, दार उघडं ठेवून."

हे साफ खोटं होतं. बायकोला विरोध करण्यापेक्षा शेजाऱ्याशी खोटं बोलणं सोपं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

केतकीला मुलगी झाली, त्याच्या नवव्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. तात्या जिन्यातच होते.

"वहिनी बऱ्या हायती न्हवं?"

"डोकं धरलंय तिचं. मळमळतंय म्हणाली."

"आन् लेक?"

"झोपलीय. शेक घेता घेताच डोळा लागला. बाळही आज शांत आहे, दुधाला उठलं नाही."

तात्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझा दंड धरला. "सर, आता खरं सांगा. शेगडी कुठं हाय?"

"आत," मी म्हणालो. "दार लावून."

तात्या माझ्या पुढं पळत सुटले. पण बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थांबले. परक्या पुरुषानं तिथं जायचं नसतं. "तुमी बाप हाय, तुमी जावा," त्यांनी मला ढकललं. "आधी लेकरू, मग पोरगी. श्वास आत घिऊ नका." मी बाळाला उचलून गॅलरीत सुनंदाच्या हातात दिलं. केतकीला हाक मारली तर ती नुसती पुटपुटली. तिला ओढत आणताना माझेच गुडघे वाकले, तेव्हा मात्र तात्यांनी उंबरा ओलांडला. तिला दोघांनी मिळून बाहेर आणलं. मग ते पुन्हा आत गेले, खांद्यावरच्या टॉवेलात धरून धगधगती शेगडी गॅलरीच्या पार टोकाला नेऊन टाकली आणि चिंध्या उपसून खिडक्या उघडल्या.

केतकी उलटी करून भिंतीला टेकून बसली. बाळ रडत नव्हतं. सुनंदा त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती आणि मी मनात येईल त्या देवाला नवस बोलत होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी बाळ शिंकलं आणि मग रडलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा तात्या दारात बसले होते. भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. सुनंदा आत गेली, चहा करून घेऊन आली आणि त्यांच्यासमोर खालीच बसली.

"तात्या, माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुम्हाला हे सगळं कुठून कळतं?"

तात्यांनी चहाचा कप फरशीवर ठेवला.

"आमची कारभारीण पालात वाढलेली, वहिनी. मेंढरांमागं, उघड्यावर. मला शाळंत नोकरी लागली, म्हणलं आता पक्कं घर. गावाकडं, निरवांगीत बांधलं. सैपाकघराला खिडकी ठिवायची तर पलीकडं चुलतभावाचं अंगण. त्यो म्हणला, माझ्याकडं खिडकी उघडायची न्हाय. म्हणलं, ऱ्हाऊ दे, भिंत तर भिंत. तिनं कधी काय म्हणलं न्हाय. मी आठवडाभर हितं, शनवारी जायचो. वसरीला बसून भाकरी खायाचो. चुलीम्होरं कधी बसलोच न्हाय."

त्यांनी फडकं गुंडाळलेला हात मांडीवर घेतला.

"खोकला बळावला तवा हितं आणली. डॉक्टरनं इचारलं, सैपाकघराला खिडक्या किती? शाळंच्या इचारल्या असत्या तर तोंडपाठ सांगितल्या असत्या."

ती गेल्यापासून निरवांगीचं घर बंद होतं. तिचा फोटो तिथंच, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. तात्यांना तो आणायचंही धाडस नव्हतं आणि तिथं जायचंही. "तितंच कोंडून पडलीया," ते म्हणाले.

"मग आता भिंतीला पाडा की खिडकी," सुनंदा म्हणाली.

चुलतभाऊही आता राहिला नव्हता. त्याच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "पाडा की तात्या, एवढं इचारायचं काय त्यात?" या उत्तरानं तात्यांना बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. एवढं सोपं होतं ते.

रविवारी गवंडी घेऊन आम्ही गेलो. भिंत फुटेपर्यंत तात्या अंगणातच उभे होते. विटा पडल्या, उजेड आत आला आणि काळ्याकुट्ट भिंतीवरच्या फोटोतली, डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली. तात्या आत आले. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि नव्या भोकापाशी धरली.

"सर, तुमी बघा," ते म्हणाले. "मला दिसंना."

धूर थोडा वर चढला, वाकला आणि सरळ चुलतभावाच्या अंगणात निघून गेला.

"पास, तात्या," मी म्हणालो.

तात्या फोटोकडं वळले. "लई उशीर झाला गं," ते म्हणाले आणि चुलीपुढं खाली बसले.