इंदूताईंचं विरजण

ये गो, अशी जवळ बस. मोबाईल ठेव बाजूला. आणि विषय ऐकून लाजायचं नाही, आधीच सांगते! तीन मुलांची आई मी, तरी हे बोलायचं म्हटलं की पदर तोंडावर घ्यायची. तेच तर चुकलं आपलं.

मांडवीत आमच्या शेजारी इंदूताई राहतात. सारी नोकरी रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांची खोड एकच. वाण्याच्या दुकानात कुणा बाईच्या पिशवीत ती ‘नाजूक जागेसाठी’ म्हणून विकतात ना, वासाच्या साबणाची बाटली, ती दिसली की काढून फळीवर परत ठेवायची आणि भर गिऱ्हाइकांत ओरडायचं, "घासू नका!" वाणी बिचारा गुळाच्या ढेपेआड तोंड लपवतो.

"अहो ताई, हळू!" एकदा मी म्हटलं.

"हळू बोलूनच वाट लागलीय, वहिनी. योनी म्हणा, जीभ झडत नाही. तिथे चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे चुलतभाऊ. ते जागा आंबट राखतात म्हणून वाईट जंतू फिरकत नाहीत. तुम्ही धुऊन काढता ते त्यांनाच!"

पुढचं तर ऐक. आपली जनुकं म्हणजे म्हणे घरातले दिवे. बसवलेत तेच राहतात, पण कुठला लागायचा, कुठला विझायचा ते बटणावर. आणि या जंतूंच्या आंबटपणाचा हात त्या बटणांपर्यंत पोचतो, असं दिसतंय. "दिसतंय हं," लगेच बोट वर. "ठरलेलं नाही. शोध चाललाय."

एवढं ऐकून पलीकडच्या काकी दह्याची वाटी घेऊन थेट न्हाणीघरात निघाल्या. इंदूताई अनवाणी धावल्या. "अहो, भातावर घ्या ते! तिथे नव्हे!"

हसून पोट दुखलं माझं. पण गेल्या वर्षी सुनेचं, मानसीचं, बाळ सातव्या महिन्यातच आलं नि राहिलं नाही. आणि मीच, हो, मीच, ताईंचं एवढं ऐकूनही, नंतर तिला ती बाटली आणून दिली. "जरा स्वच्छ राहत जा," म्हटलं. पोरीने मान खाली घातली ती वर करीना. जेवण सोडलं.

इंदूताई आल्या. मोरीवर बाटली दिसली त्यांना. आता ओरडणार, म्हणून मी डोळेच मिटले. ओरडल्या नाहीत. मानसीजवळ जमिनीवर बसल्या.

"तू घाण नव्हतीस गो. तुझी चूक नव्हे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी दोन बाळं अशीच गेली. सासूबाई जंतुनाशकाच्या पाण्याने धुवायला लावत. मीही घासायची, आग होईपर्यंत. त्यानेच गेली का, कोण सांगणार? पण तुझी चूक नव्हे, एवढं मला कुणी म्हटलं नाही."

त्या दुपारी मानसी जेवली. ताईंच्या घरचा दहीभात. बाटली मी माझ्या हाताने टाकली.

एकट्या असतात ताई, पण संध्याकाळी विरजण लावताना दोन वाट्या जास्त लावतात. कुणी आलंच तर, म्हणतात. हल्ली एक वाटी मानसी जाऊन खाते. दुसरी तशीच झाकलेली असते. तू कधी येतेस गो मांडवीला, ती खायला? ये लवकर.