भाऊसाहेबांची आवक

आज मी जो काही आहे तो दत्ताराम परब यांच्यामुळे, आणि दत्ताराम परब जाहिरातींना उत्तरे पाठवतात.

ते आमच्या शाळेत क्लार्क होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बारावीनंतर माझा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला, तेव्हा शेवटच्या दिवशी तो घेऊन ते स्वतः एसटीने ओरोसच्या जिल्हा कार्यालयात गेले. म्हणून आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो. आता कणकवलीत माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे.

निवृत्तीनंतर भाऊसाहेबांनी शाळेची एकच गोष्ट घरी चालू ठेवली : आवक-जावक. आलेल्या प्रत्येक ईमेलला ते वहीत आवक क्रमांक देतात आणि उत्तर पाठवतात. ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहे.’ खाली पूर्ण नाव. ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असले तरी.

पुढे भेट झाली तेव्हा मी ते वाक्य दाखवले, तर म्हणाले, “पावण्याक चाय इचारली तर तो नकोच म्हणता. म्हणान आपण आधण ठेवचा नाय?”

मग उत्तर पोहोचू शकले नाही, अशी सूचना परत येई. तिलाही आवक क्रमांक मिळे. तिलाही उत्तर जाई.

यंदा गणपतीनंतर त्यांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. “सुहास, माझा टपाल बंद पडला. येशीत?”

मसुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. घरात ते एकटेच. मेलचा प्रोग्राम आधीही सावकाशच होता. सकाळी तो सुरू करून भाऊसाहेब आंघोळ, पूजा आटपत, तेव्हा कुठे पहिले पत्र दिसे. आता तो उघडेनासाच झाला होता. इनबॉक्समध्ये अडुसष्ट हजार पत्रे, सगळी एकाच ठिकाणी. वर दर मिनिटाला नवी आवक तपासायची सक्ती.

“दर मिनिटाला कशाला?”

“शाळेतल्या कोणा पोराचा पत्र इला आणि माका कळलाच नाय तर?”

मी म्हटले, जुनी काढून टाकूया.

“आवक केललो कागद फाडतलस? सस्पेंड होशीत!”

शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितले. “भाऊसाहेब, हा प्रोग्राम रोज अडुसष्ट हजार कागद टेबलावर मांडून बसतो. रेकॉर्ड रूममध्ये पाठवूया. अ वर्ग कायम. ड वर्ग वर्षाने नष्ट.”

ते ताठ झाले. “तां आधी सांगूचा नाय?”

दोन दिवस आम्ही पत्रांची वर्गवार लावणी केली. वर्ग त्यांनी ठरवले, बाकीचे मी केले. वर्षवार फोल्डर करून जुनी पत्रे इनबॉक्सबाहेर हलवली, जाहिरातींमधली चित्रे आपोआप उघडणे बंद केले, तपासणी तासाला एकदा ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रोग्राम दहा सेकंदांत उघडला. भाऊसाहेब थोडे नाराज झाले. “मगे आता आंघोळ कधी करू?”

निघण्यापूर्वी मी अ वर्ग तपासला. पेन्शनचे कागद असतील असे वाटले होते. ते ब मध्ये होते. अ मध्ये फक्त एकोणीस पत्रे, सगळी एका शर्ट विकणाऱ्या कंपनीची. मजकूर एकच : ‘प्रिय दत्ताराम, बरेच दिवस दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.’

“भाऊसाहेब, हे मशीन पाठवतं.”

“माका म्हायत आसा.” त्यांनी पंच्याने स्क्रीन पुसली. “पण माझी आये गेल्यापासून दत्ताराम म्हणणारा दुसरा कोण नाय.”

ते चहा टाकायला आत गेले. मी शोधायच्या चौकटीत माझे नाव घातले. एकही पत्र नव्हते.

दुकानावर परतल्यावर मी हे पाठवले :

ती. दत्तारामभाऊ,

सा. न. वि. वि. कॉलेजला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पोचल्यावर कळव. पहिले चार दिवस भांबावलो होतो, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, आणि पुढे त्या लाजेचीच सवय झाली. पोचलो, भाऊ.

आई म्हणते, रविवारी तुम्ही आचऱ्याला आमच्याकडे जेवायचे. साडेदहाला गाडी घेऊन येतो. बांगडे की सुरमई, तेवढे कळवा.

तुमचा,
सुहास