कटऑफ, बरगड्या आणि चाळीस शेजारी

सिंथेसायझरचा फिल्टर मी डोळे मिटून चालवतो! बटणांखालची अक्षरं वाचणं हे नवशिक्यांचं काम. लाल बटण म्हणजे कटऑफ, आवाजाचा दरवाजा. तो बंद असला की आत कितीही गोंधळ चालो, बाहेर चिडीचूप. हळूहळू उघडला की गुहेतून अस्वल यावं तसा आवाज बाहेर येतो. निळं म्हणजे रेझोनन्स. ते त्याच आवाजाला शिट्टीची धार लावतं. बस्स!

"दाजी, बटणांचे कान पिळण्याला संगीत म्हणत नाहीत," माझा मेहुणा क्लिओफस म्हणाला. आमच्या तळघरातली माझी यंत्रं हलवून त्याला तिथे पूल खेळायचं टेबल टाकायचं होतं.

"गल्लीच्या जेवणात वाजवतो. लोक उठून टाळ्या वाजवतील!"

"वाजवल्या तर तळघर तुमचं. नाहीतर टेबल त्याच संध्याकाळी आत!"

गल्लीच्या अध्यक्षा ओडेसाकाकू पंच ठरल्या.

जूनचा पहिला शनिवार. डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या आमच्या गल्लीतला मोकळा प्लॉट. एक वाजायला पाच मिनिटं असताना मी उभा राहिलो. मागे फॉइलने झाकलेले भाजलेल्या बरगड्यांचे ट्रे. समोर चाळीस शेजारी, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे.

दरवाजा बंद ठेवून मी खालचा सूर दाबून धरला आणि डोळे मिटून लाल बटण फिरवायला घेतलं. पाव. निम्मं. काहीच नाही! स्पीकरची जाळी नुसती थरथरली.

"सुरू केलंत की अजून प्लग शोधताय?" क्लिओफस ओरडला.

"थांब रे! फिल्टर घाईने उघडत नसतात!"

बटण शेवटापर्यंत नेलं. आणि आला! दुरून, चढत चढत असा सूर आला की माझ्याच अंगावर काटा! अख्खी गल्ली भरून गेली. एवढ्याशा स्पीकरमधून! लोक उठले. टाळ्या! शिट्ट्या! चाळीस माणसं माझ्याकडे धावत सुटली. मी दोन्ही हात पसरले.

ती मला वळसा घालून मागे गेली.

"एक वाजला! काढा फॉइल!" ओडेसाकाकू चिमटा उंचावून ओरडल्या.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी एकला, शहरात वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते. आणि तो भोंगा होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. मला माहीत होता. पण कलाकाराने लक्षात तरी काय काय ठेवायचं?

भोंगा उतरू लागला आणि मी बटण उलटं फिरवलं. की आधी मी फिरवलं? यावर मतभेद आहेत.

क्लिओफस बरगडी चघळत वाकला. "दाजी, हा तर रेझोनन्स! खाली लिहिलंय. कटऑफ अजून शून्यावरच आहे."

"काल मीच बटणं काढून धुतली," माझी बायको व्हर्नेल म्हणाली. "काय घाण होती! परत बसवताना लाल कुठलं, निळं कुठलं, मला काय ठाऊक? म्हटलं, खाली अक्षरं आहेत, वाचशील!"

"टेबल आणतो," क्लिओफस म्हणाला.

"खबरदार! लोक उठले? उठले. टाळ्या वाजल्या? वाजल्या. कशासाठी, हे पैजेत नव्हतं! काकू, तुम्ही सांगा!"

ओडेसाकाकूंनी सावकाश बोटं चाटली. "टाळ्या मी ऐकल्या. तळघर त्याचं."

"ऐकलंस?" मी गरजलो.

"पुढच्या वर्षीही तूच वाजव," काकू म्हणाल्या. "फक्त ते बटण आजच्यासारखंच शून्यावर राहू दे."

मी वाजवणारच! आणि कटऑफ पार शेवटापर्यंत उघडणार, कुणीही काहीही म्हणो!

जेवणं आटोपल्यावर. वाढायचा चिमटा काकूंच्या हातात असतो.