चाचांना काही होत नाही

मोबाइलच्या पडद्यावर एक टेम्पो सुसाट आला आणि गादीच्या दुकानापुढे स्टुलावर बसलेल्या माणसाच्या थेट अंगावरून गेला. माणूस हलला नाही. टेम्पोमागून बिबट्या आला, तोही त्या माणसातून आरपार निघून गेला. मग शेजारी गॅसची टाकी फुटली. धूर विरला तेव्हा तो माणूस दाभणानं गादीला पुढचा टाका घालत होता.

"अलिझा," राजमहंमदचाचा घसा खाकरून म्हणाले, "हा मी हाये का गं?"

"व्हय अब्बा. ओळखलंत ना?"

न ओळखून कसं चालेल? तीच टोपी, तेच पोट आणि तीच जुन्नरच्या पेठेतली दुकानाची निळी फळी. चाचांची ही धाकटी लेक पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरी बसून मोबाइलचे खेळ बनवायची. 'बाजारात बिबट्या' हा तिचा नवा खेळ. त्यात भरबाजारात बिबट्या शिरतो आणि खेळणाऱ्यानं आपल्या गड्याला पळवत पळवत एसटी स्टँडपर्यंत न्यायचं असतं. वाटेत गाढवं, टेम्पो, हातगाड्या, सगळं अंगावर येतं.

"पण मला काही व्हईना कसं?" चाचांनी विचारलं. "टेम्पो अंगावरून गेला की!"

"तुमी खेळात नाही अब्बा, तुमी बघे. बघ्यांना काही होत नसतं. तुमाला लागलेलं दाखवायचं तर तुमचं पडणं, विव्हळणं, सगळं वेगळं काढावं लागतं. तेवढा वेळ कुठं होता?"

आतून कौसरचाचींचा आवाज आला, "म्हंजे बापाला मारायला सवड गावली न्हाई, म्हणून बाप जिवंत ऱ्हायला!"

चाचांना मात्र मनातून बरं वाटलं. कारण खरं सांगायचं तर त्यांच्याइतका भित्रा माणूस साऱ्या पेठेत नव्हता. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की ते स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या ओट्यावर येऊन बसत. एकदा ते आळेफाट्याला पाहुण्यांकडे गेले होते. उतरल्यावर रस्ता ओलांडायला उभे राहिले, पण ट्रकमागून ट्रक येत राहिले. शेवटी समोर आलेल्या परतीच्या एसटीत बसून ते घरी आले. पाहुण्यांना निरोप धाडला की, येऊन गेलो. अशा माणसाला पडद्यावर का होईना, बिबट्यापुढे गादी शिवताना बघणं म्हणजे सुखच होतं.

खेळ गावात पसरला. येणाजाणारी पोरं दुकानापुढे थांबून "चाचा, टेम्पो आला!" असं ओरडायची आणि चाचा दचकायचे. तेवढ्यावरच सगळं थांबलं असतं, पण रविवारच्या बाजारात खराखुरा बैल उधळला.

कुणाचा होता, कशानं बिथरला, कुणालाच कळलं नाही. टोमॅटोचे क्रेट लाथाडत, छत्र्यांची दुकानं शिंगावर घेत तो पेठेत घुसला. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. चाचांच्याही मनात पळायचंच होतं, पण मनातली गोष्ट पायांपर्यंत पोचलीच नाही. ते स्टुलावर होते तसे थिजले. बैल समोर आला, उभा राहिला, त्यानं चाचांचं तोंड हुंगलं, मांडीवरच्या गादीचं टोक जरा चावून पाहिलं, आणि चव आवडली नसावी, कारण मान झटकून तो निघून गेला.

आदेश नावाचा एक पोरगा दूध घालायला रोज पेठेतून फटफटी उडवत जायचा. तो रसवंतीच्या टेबलावर चढून सगळं मोबाइलमध्ये घेत होता. संध्याकाळी त्यानं एका बाजूला खेळातले चाचा आणि दुसऱ्या बाजूला बैलासमोरचे चाचा असं जोडून तालुकाभर पाठवलं. खाली लिहिलं, 'चाचांना काही होत नाही.'

"डोळं मिटून काय म्हणत व्हता वो तुमी?" चाचींनी जेवताना विचारलं. "लोकं म्हणत्यात, ध्यान लावलं व्हतं."

"ध्यान कुठलं! जेवढं पाठ हाये तेवढं सगळं म्हणून झालं. मग पाढे म्हणायला लागलो."

पण हे बाहेर सांगायची सोय राहिली नव्हती. लोक वाकून नमस्कार करू लागले. चहावाला पैसे घेईना. जन्मभर ज्याला सगळे 'बाजूला सरका चाचा' म्हणत आले, त्याला आता लोक 'या, मधी बसा' म्हणू लागले, आणि ते चाचांना गोड लागलं.

पहिला आला भिमाजी. यानं पन्नाशी उलटल्यावर जुनी जीप घेतली होती आणि शिकवणारे दोन जण सोडून गेले होते.

"चाचा, तुमी नुसतं शेजारी बसा. बोलू नका, काय नका. तुमी असलं म्हंजे गाडीला काय व्हनार न्हाई."

चाचांना जीपची भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती होती ती 'नाही' म्हणायची. ते बसले. जीप सरळ रस्ता सोडून उसात गेली, उसातून पाटात गेली आणि पाटातून बाहेर आली तेव्हा तोंड पुन्हा जुन्नरकडे होतं. दोघांना ओरखडाही नाही.

"बगितलं?" भिमाजी रस्त्यानं भेटेल त्याला सांगत सुटला. "मी तर मेलोच व्हतो. चाचा शेजारी डोळं मिटून गप बसल्यालं. गाडी आपोआप वळली!"

मग रांगच लागली. कुणाला विजेच्या खांबावर चढताना चाचा खाली उभे हवे होते, कुणाला मारकी म्हैस टेम्पोत चढवताना. चाचा रोज सकाळी ठरवत की आज कुणाला तरी स्पष्ट सांगायचं, आणि रोज दुपारी कुणाच्या तरी मागे फटफटीवर बसून जात. गंमत अशी की खरंच काही होत नव्हतं. म्हैस मुकाट्यानं चढली. खांबावरचा माणूस सुखरूप उतरला. एका रात्री अंथरुणावर चाचा हळूच म्हणाले, "कौसर, काय सांगावं, असंल बी माझ्यात काहीतरी."

"हाये ना," चाची कूस बदलत म्हणाल्या. "बावळटपणा."

निमगाव सावाचे गेणभाऊ आले ते लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला. कापड पसंत केलं, कापूस दाबून पाहिला आणि निघताना म्हणाले, "चाचा, एक काम व्हतं. मांडव टाकायचाय तिथल्या आंब्यावर आग्या मोहोळ हाये. काढणारा गडी आणलाय, पन त्यो म्हणतो, जुन्नरचं चाचा झाडाखाली हुभं ऱ्हात असतील तरच चढतो."

"मला... मधमाश्यांचं जरा..." चाचा चाचरले.

"तुमाला काय व्हतंय, राव!"

झाडाखाली निम्मं गाव जमलं होतं, पण बरंच लांब. जवळ एकटे चाचा, त्यांना बसायला खास खुर्ची. गड्यानं धूर केला, फांदीला हात घातला आणि वरून नुसता एक आवाज आला, रस्त्यावरून रिकामा ट्रेलर जावा तसा. चाचांनी डोळे मिटले आणि पाढे सुरू केले. मधमाश्यांना ना तो खेळ ठाऊक होता, ना ते बैलाचं चित्रण. त्या चाचांच्या टोपीत शिरल्या, कानात शिरल्या, दाढीत शिरल्या. या खेपेला मात्र मनातली गोष्ट पायांपर्यंत पोचली. साठीचे चाचा बांध ओलांडून, ओढा ओलांडून असे पळाले की मागे धावणाऱ्या गेणभाऊंना ते थेट दुसऱ्याच्या गोठ्यात, कडब्यात डोकं खुपसलेले सापडले.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चाचांचं तोंड टम्म फुगलेल्या पुरीसारखं झालं होतं. एक डोळा बंद, ओठ बाहेर. दुखत तर होतंच, पण जास्त लागलं ते बघायला आलेल्यांचं बोलणं.

"चाचा, तुमी पळायला नको व्हतं," भिमाजी समजुतीच्या सुरात म्हणाला. "पळाला म्हणून चावल्या."

"मला आधी सांगायचं की, मधमाश्यांचं चालत न्हाई म्हणून," गेणभाऊ म्हणाले. "आता त्यो गडी बी पळाला. मोहोळ तसंच हाये आन लगीन तोंडावर आलंय."

कुणी विचारलं नाही, चाचा, आग होतेय का? चाचा एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघत राहिले.

लोक गेले तशी चाचींनी पदर खोचला. "अलिझा, इकडं ये. बघ बापाचं तोंड. तू म्हणालीस ना, ह्यांना काही व्हत न्हाई? घे, बघ काय काय व्हतं ते!"

अलिझा बापाच्या उशाशी बसली. थंड पाण्याचा फडका त्यांच्या कपाळावर ठेवत खालच्या आवाजात म्हणाली, "अब्बा, वेळ नव्हता हे मी खोटं बोलले. कंपनीनं सांगितलं होतं बघ्यांना पडताना दाखवा म्हणून. बाकीच्यांचं काढलं बी होतं. तुमचं काढायला बसले. टोपी बाजूला पडलेली काढली आणि पुढं हातच चालंना. मग सगळ्यांचंच पुसून टाकलं."

चाचांनी चांगला डोळाही मिटून घेतला. मग सुजलेल्या ओठांतून म्हणाले, "आता बदल त्ये. लोकांना कळू दे, मला लागतं."

"पण अब्बा, तुमाला पडलेलं मी नाही काढणार."

"मग पाडू नको. पण लागतं येवढं कळू दे."

अलिझानं दोन दिवस डोकं चालवलं आणि तोडगा काढला. नव्या खेळात गड्याचा धक्का चाचांना लागला की चाचा पडत नाहीत. ते हातातलं दाभण बाजूला ठेवतात, स्टुलावरून हळूहळू उठून उभे राहतात आणि खेळणाऱ्याकडे बघून एकच वाक्य बोलतात. त्यासरशी बिबट्या थांबतो, टेम्पो थांबतो, आख्खा बाजार थांबतो आणि खेळ संपतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आवाजही तिनं चाचांचाच घेतला. ओठांची सूज उतरायची होती, त्यामुळे 'काय रे, दिसत नाही का?' हे पडद्यावर 'काय ले, दिछत नाई का?' असं ऐकू यायचं. कंपनीला ते फार पसंत पडलं.

गावात मात्र हाहाकार उडाला. चांगले चांगले खेळणारे चाचांपाशी येऊन बाद होऊ लागले. स्टँड गाठायचा तर चाचांना वळसा घालून, दबकत जायचं, हे ज्याला जमलं तोच पुढे. पेठेतल्या पानटपरीपासून शाळेच्या कट्ट्यापर्यंत सगळे एकमेकांना ओरडू लागले, "हळू! चाचा हायेत! चाचांना धक्का नको!"

पंधरा दिवसांनी सूज उतरून चाचा पुन्हा दुकानापुढे स्टुलावर येऊन बसले. रविवार होता, पेठ गजबजलेली. चाचींनी गरम चहाचा ग्लास आणून हातात दिला आणि तेवढ्यात समोरून आदेशची फटफटी नेहमीसारखी उडत आली. चाचांनी सवयीनं पाय पोटाशी ओढले.

पण दुकानाच्या अलीकडे कचकन ब्रेक लागला. फटफटी थांबली. आदेशनं एक पाय टेकला आणि चाचांकडे बघत तो उभा राहिला. मागून भिमाजीची जीप आली, तीही थांबली. जीपमागे टोमॅटोची पिकअप, त्यामागे एक टेम्पो, त्यामागे ट्रॅक्टर. मागचा कुणीतरी हॉर्न वाजवू लागला तसा आदेश मान वळवून खेकसला, "थांबा की! चाचा चहा पित्यात. सांडला म्हंजे भाजंल त्यांना."

"चहा व्हय? मग थांबू," भिमाजी म्हणाला आणि त्यानं मागच्याला तसंच सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. "चहा... चाचांचा चहा..." असं होत होत निरोप पार पेठेच्या टोकाला गेला.

जन्मात पहिल्यांदा आपल्यासाठी रहदारी थांबलेली पाहून चाचांना भरून आलं आणि लगेच घामही फुटला. एवढी माणसं आपल्यापायी खोळंबली! घाईघाईनं त्यांनी कढत चहा एका घोटात घशाखाली घातला. जीभ पोळली, घसा पोळला, डोळ्यांत पाणी आलं.

"भाजलं ना?" चाची दारातून म्हणाल्या. "कुणी सांगितली व्हती घाई?"

चाचांना धड बोलता येईना. झालं माझं, जावा आता, एवढंच त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं. म्हणून त्यांनी ग्लास खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि हातानं खूण करायला ते स्टुलावरून हळूहळू उठून उभे राहिले.

आदेशचा चेहरा पडला.

"मेलो," तो म्हणाला. "चाचा उठलं!"

त्यानं किल्ली फिरवून फटफटी बंद केली. भिमाजीनं जीप बंद केली. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर एकामागून एक बंद होत गेले. पेठ एवढी शांत झाली की कोपऱ्यावरच्या कढईत भजी तळल्याचं ऐकू येऊ लागलं. आणि चाचा मधोमध उभे राहून, पोळलेल्या जिभेनं, दोन्ही हात हलवत सगळ्यांना कळवळून सांगत होते, "जावा ले... जावा ना ले बाबांनो...!"

आदेशनं मान खाली घातली, फटफटी वळवली आणि ढकलत ढकलत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला निघाला.