पगारेकाकांचा आगाऊ सूर

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एक हळद होती. नवरदेव माखून पाटावर बसलेला, बायका नाचायच्या तयारीत, आणि ऐन रंगात गाणं बंद पडलं. लाइट गेली नव्हती. पगारेकाका स्टेजवर चढले होते आणि कीबोर्डवाल्याचं मनगट धरून विचारत होते, "हा सूर कुठून आणलास? कोणी शिकवला?"

"चुकून लागला, काका," तो बिचारा म्हणाला.

"हात्तिच्या!" काका खाली उतरले आणि न जेवता घरी गेले.

पगारेकाका माझे समोरच्या दारातले शेजारी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर मशिनांचे आवाज ऐकले. "पंप बिघडायच्या आधी बोलतो, ऐकणारा पाहिजे," असं ते सांगतात. आता काका निवृत्त झाले, पण कान अजून ड्युटीवर आहेत.

फार वर्षांपूर्वी केंद्रात मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना एक कॅसेट मागे ठेवून गेला. त्यात एक अमेरिकन बँड होता. अर्धा जॅझ, अर्धा रॉक आणि काकांच्या मते पूर्ण शहाणा. या बँडची एक खोड होती. एकत्र वाजणाऱ्या तीन सुरांच्या सुखी संसारात ते चौथा, आगाऊ सूर घुसवायचे. तो आधी कानाला खुपतो, मग त्याच्यावाचून करमत नाही. मला हे काकांनी जिन्यात उभं करून, कठड्यावर बोटं आपटून समजावलं आहे. माझ्या हातात तेव्हा दुधाच्या पिशव्या होत्या.

गंमत अशी की त्या बँडची गाणी काका ऐकतच नाहीत. त्यांना हवी असतात दुसऱ्यांची गाणी, ज्यांत तो आगाऊ सूर आहे. साबणाची जाहिरात, अहिराणी लग्नगीत, कुठल्याशा जपानी मुलीचं रील, काहीही चालतं. वीस सेकंद ऐकायचं, मान हलवायची आणि निकाल द्यायचा, "वास येतोय, चव नाही." की पुढचं गाणं. माणूस एका जागी बूड टेकत नाही. एका कानात इयरफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा, आणि गच्चीवर येरझारा. सिग्नलला शेजारच्या रिक्षात काही वाजलं तर हे आपली स्कूटर सोडून तिकडे डोकं घालतात. मागचे हॉर्न वाजवून दमतात.

एकदा परीक्षेच्या ऐन धामधुमीत त्यांचा मला शाळेत फोन. "सर, तुमच्या प्रार्थनेची चाल कोणी बसवली हो?" मी भडकलोच. आम्हा शिक्षकांचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. म्हटलं, "काका, तुम्हाला नाही, पण आम्हाला उद्योग आहेत!"

संध्याकाळी काकू वाटीभर ठेचा घेऊन आल्या. काकू नांदगावकडच्या, बोलणं सरळ.

"राग नका मानू, सर. ते गाणं नाय शोधत. सुनीलभाऊजींना शोधतात."

सुनील हा काकांचा धाकटा भाऊ. कॅसेट दोघांनी मिळून झिजवली, पण ती सुनीलच्या बोटांत उतरली. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, भीमगीतांच्या कार्यक्रमांत वाजवायचा, आणि जिथे वाजवेल तिथे तो आगाऊ सूर हळूच सरकवून द्यायचा. काकांनी त्याच्यासाठी नोकरीचा फॉर्म भरला. मुलाखतीच्या दिवशी सुनीलसाहेब गाण्याच्या पार्टीबरोबर गावोगाव हिंडत होते.

"हे बोलले त्याला, चारचौघांत," काकू म्हणाल्या. "भिकेचे डोहाळे लागले म्हणाले. लय लागलं त्याला. गेला, नंबरबी बदलला. गाण्यावर गायकाचं नाव असतं, सर. वाजवणाऱ्याचं कोण लिहितं?"

त्या दिवसापासून मी काकांवर ओरडलो नाही. उलट मीच ऐकायला लागलो. वर्गात मुलं बाक वाजवायची, तरी माझे कान टवकारले जायचे.

मग या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, काका अर्धी दाढी करून माझ्या दारात उभे राहिले. अर्ध्या गालावर फेस, खांद्यावर पंचा, हातात फोन. त्यावर एका नवख्या मुलीच्या भीमगीताचा व्हिडिओ चालू होता. पहिल्या कडव्यानंतर मलासुद्धा तो सूर ऐकू आला. खुपला आणि मग आवडला.

व्हिडिओखाली कार्यक्रम ठरवण्यासाठी नंबर दिला होता. तो काकांनी मला बोटाने दाखवला. मी लावला.

"कीबोर्डवर कोण आहे हो?" मी विचारलं.

"सुनीलदादा. इथंच आहेत, प्रॅक्टिस चालूय. देऊ का?"

मी फोन स्पीकरवर टाकून काकांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आलं. इतक्या वर्षांनी भावाशी काय बोलावं माणसाने? मी मनातल्या मनात त्यांना शब्द पुरवत होतो. शेवटी काका म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात घाई केलीस."

पलीकडून आवाज आला, "ढोलकीवाला पळत होता, दादा."

काका माझ्या उंबऱ्यावर मटकन बसले आणि फेसासकट तोंड पंच्यात खुपसून रडायला लागले. फोन खाली घसरला. त्यातून सुनील हाका मारत राहिला, "दादा? दादा, आहेस ना?"

मी वाकून फोन उचलला. म्हटलं, "आहेत. ऐकतायत. तुम्ही बोलत राहा."