जावईबापूंचं पाणबुडी मशीन

शिवप्रसादने ठरवलं होतं ते एवढंच, की यापुढे मुंजाजीची मनधरणी करायची नाही. ठरवलं तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर चहा पीत होता, आणि चहा पिताना माणूस काहीही ठरवतो. पण त्या एका कपापायी पुढे सहा महिने मुंबईची एक कंपनी हैराण झाली, आणि शेवटी सासरवाडीत, सगळ्या भावकीसमोर, जे व्हायचं ते झालं.

डोंगरकड्यात शिवप्रसादचं विहिरीतल्या पाण्याच्या मोटरी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. जळालेली मोटर त्याच्या हातात आली की चालू होऊनच परत जाई. अडचण एकच. मोटर दुरुस्त करायची तर ती आधी विहिरीबाहेर यायला हवी, आणि दोर तुटून तळाला बसलेली मोटर पंचक्रोशीत फक्त मुंजाजी काढत असे. वय साठ, अंगावर लंगोट, गालात तंबाखूचा विडा. (बुडी मारताना विडा काढून काठावरच्या दगडावर ठेवायचा, वर आला की पुन्हा तोच गालात.) एका दमात तळ गाठून तो मोटरीला दोर बांधून येई आणि मग आठ दिवस गावभर सांगत फिरे, "मिस्त्रीला मशीन समजती, पण पाणी न्हाई समजत."

हे शिवप्रसादला झोंबलं. साल दोन हजार चार. घरात नुकतीच केबल आली होती आणि केबलवर गोरे लोक पाठीला टाकी बांधून समुद्राच्या तळाशी माशांमागे निवांत हिंडत होते.

"आपल्याला फक्त माशाच्या जागी मोटर धरायची," तो बायकोला, सीमाला म्हणाला.

"आन् ते मशीन बिघडलं तर?" सीमाने विचारलं.

"इंपोर्टेड बिघडत नसतं."

मुंबईला जाऊन, तिथल्या तलावात दोन दिवस शिकवणी घेऊन तो सेट घेऊन आला. टाकी, चष्मा, पायात घालायचे रबरी पंखे आणि तोंडात धरून श्वास घ्यायची तोटी. सीमाला त्याने किंमत निम्मीच सांगितली. निम्मीवरच ती दोन दिवस बोलली नाही.

आता शिवप्रसादच्या दुकानात साधा पाना आला तरी हळदीकुंकू लागल्याशिवाय तो नटाला लागत नसे. हे तर परदेशी यंत्र. पाटावर टाकी मांडली, हार घातला, नारळ फोडला. यंत्रात देव कुठे असतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं, जिथून काम चालतं तिथे. म्हणून तोटीच्या तोंडाला त्याने बोट भरभरून हळदीकुंकू लावलं आणि वर चिमूटभर अक्षता वाहिल्या. मग मोठ्या उत्साहात विहिरीत उतरला.

चार हातही खाली गेला नसेल, तोच तोटी जी फुस्स करून सुटली ती बंद होईना. पाणी असं उकळायला लागलं की काठावरची म्हैस दावं तोडून पळाली. पाच मिनिटांत टाकी रिकामी आणि शिवप्रसाद पायरीला लोंबकळत. ओला तसाच तो नेमसिंगच्या एसटीडी बूथवर गेला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला.

"वेलकम सर. आप कौनसे समुंदर में डाइव्ह कर रहे थे?" पलीकडून मुलीचा गोड आवाज आला.

"समुंदर न्हाई मॅडम, बावडी में."

"ये बावडी बीच गोवा में है, सर?"

"डोंगरकडा. तालुका कळमनुरी."

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "सर, हर डाइव्ह के बाद सेट को मीठे पानी से धोना जरूरी है."

"मॅडम, इधर सब पानी मीठाच है."

"फिर भी धोइए, सर."

तेव्हा विहिरीच्या पाण्यातून काढलेला सेट शिवप्रसादने विहिरीचंच पाणी शेंदून स्वच्छ धुतला. काही फरक पडला नाही. मग सगळा सेट खोक्यात भरून मुंबईला पाठवला. वीस दिवसांनी तो परत आला, टाकी भरलेली, सोबत चिठ्ठी: साफ केला, तपासला, ओके.

इतक्या लांबून, जणू दवाखान्यातून घरी आलेलं यंत्र. तसंच कसं वापरायचं? पुन्हा पाट, पुन्हा नारळ, पुन्हा तोटीला हळदीकुंकू आणि अक्षता. आणि पुन्हा फुस्स.

तिसऱ्या खेपेला शिवप्रसादचा पारा चढला. फोनवर पलीकडून कंपनीचे एक साहेब म्हणाले, आमचा माणूस हाच सेट घालून तासभर पाण्याखाली बसला, काही झालं नाही, तुमच्या पाण्यातच दोष असणार.

"आमच्या पाण्याला नावं ठेवता? देवासारखं जपतो मी मशीन. कोर्टात खेचीन," शिवप्रसाद ओरडला. पलीकडे संगीत सुरू झालं. ते त्याने अकरा मिनिटं ऐकलं.

"मिस्त्री, गाना अच्छा है," नेमसिंग म्हणाला, "पण मागं लाइन लागून राहिली."

खोकं तिसऱ्यांदा मुंबईहून परत आलं, त्याच दिवशी नरसीजवळच्या सासरवाडीहून सासऱ्यांचा, मसाजींचा फोन आला. चार दिवसांवर धाकट्या मेव्हणीचं लग्न, दीड हजार माणसांचं जेवण, आणि वाड्याला पाणी देणाऱ्या विहिरीची मोटर दोर तुटून तळाला गेलेली.

"मुंजाजीला सांगावा धाडू का?" मसाजींनी विचारलं.

"मामा, मी असताना? काहून लाजवता? मशीन घेऊन येऊन राहिलो मी."

थोरला जावई म्हणून आजवर त्याला कोणी फारसं विचारलं नव्हतं. एकदा का ही मोटर त्याने काढली, की सासरवाडीत जन्मभर मान. शिवप्रसादला इतका हुरूप आला की खोक्यातलं कंपनीचं इंग्रजी पत्र आणि सोबतची प्लॅस्टिकची चिमुकली पुडी त्याने न बघताच पुन्हा आत कोंबली. कंपनीची रड आता कोण वाचत बसणार.

विहिरीवर सगळी भावकी जमली होती. लग्नाचा पाहुणा म्हणून मुंजाजीही आधीच येऊन राहिला होता, विडा चघळत दगडावर बसला होता.

"जावई पाण्यात उतरून राहिले, तसंच कसं जाऊ देऊ?" सासूबाई चंद्रभागाबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. मागे चार सुवासिनी. शिवप्रसादचा ऊर भरून आला. त्याने स्वतः तोटीचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"इथं वाहा, मामी. देव इथं असतो."

पाच जणींनी मनापासून वाहिलं. शिवप्रसादने उडी घेतली आणि विहीर खदखदू लागली.

"काय पावर हाय मशीनची," कोणी तरी म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत जावईबापू वर आले, चष्मा कानावर, पायातला एक पंखा बेपत्ता, खोकून खोकून डोळे लाल. टाळ्या हळूहळू विरल्या.

मुंजाजी उठला. विडा दगडावर ठेवला, दोराचं टोक दातांत धरलं आणि गेला. लोक पन्नासपर्यंत मोजताहेत तोवर वर येऊन म्हणाला, "वढा." मोटर वर आली. शिवप्रसादचा पंखाही त्याने येता येता आणला होता. विडा गालात घालून तो गप्प बसला. तो काही बोलला असता तर शिवप्रसादला बरं वाटलं असतं.

"फसवलं कंपनीनं," शिवप्रसाद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याने खोक्यातलं पत्र आणि पुडी काढली आणि गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शेषराव गुरुजींच्या हातात दिली. "वाचा गुरुजी. समद्यांला कळू द्या, चूक कोनाची हाय ते."

गुरुजींनी आधी मनात वाचलं, मग शिवप्रसादकडे पाहिलं, मग मराठीत सांगू लागले. "कंपनी म्हनती, तिन्ही वेळा तोटीच्या झडपेत तेच अडकलेलं सापडलं, म्हनून हवा बंद होईना. पिवळी पूड, लाल पूड आन् पांढरे दाने. तुमच्या पान्यात असली अंडी घालनारा कोन्ता जीव हाय, ते कळवावं. आजवर सापडलेले अकरा दाने सोबत परत पाठवले हायत."

सीमाने पुडी उन्हात धरून पाहिली. "अंडी कुठली? आपला रेशनचा तांदूळ हाय ह्यो."

चंद्रभागाबाईंनी ताट हळूच पदराआड घेतलं. विहीर समोरच होती, पण शिवप्रसादला तिच्यात पुन्हा उतरायची सोय राहिली नव्हती.

चौथ्या दिवशी लग्न थाटात झालं. पाणी भरपूर होतं. मंगलाष्टकांआधी मसाजी स्वतः मांडवात अक्षता वाटत होते. जावयापाशी आल्यावर त्यांनी ताट बाजूला केलं आणि खिशातून ती पुडी काढली.

"जावईबापू, तुमच्या ह्या. मुंबईहून दुरुस्त होऊन आल्यात. बराबर अकरा हायत."

शिवप्रसादने निमूट घेतल्या. 'सावधान' झालं, चहूकडून अक्षता उडाल्या, आणि मागे उभा असलेला मुंजाजी त्याच्या कानाशी वाकला.

"तोंड मिटून घ्या, मिस्त्री. एखादा दाना आत गेला तर या टायमाला तुमालाच मुंबईला धाडावं लागंल."